गार्डला तिसरं वर्ष खेळू द्या

वाचकांचे प्रश्न, मैदानावरची उत्तरं

गेल्या अंकात बास्केटबॉलबद्दल मी एक वाक्य लिहिलं होतं : आपल्याकडे कॉलेजचा गार्ड जेव्हा तयार होतो, नेमका तेव्हाच त्याचा खेळ थांबतो. गार्ड म्हणजे चेंडू पुढे आणून खेळ मांडणारा (पॉइंट गार्ड) किंवा लांबून फेक करणारा (शूटिंग गार्ड) खेळाडू. त्या वाक्यावर सोलापूर शहरातून आणि जिल्ह्यातून पत्रं आली. त्यातली काही इथे घेतली आहेत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण ते एकीचं असलं तरी प्रश्न अनेकींचा आहे.

प्रश्न : मॅडम, मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. उंची पाच फूट दोन इंच. कॉलेजच्या संघात पॉइंट गार्ड खेळते. यंदा विद्यापीठाच्या संघात निवड झाली, पण वेस्ट झोनला (पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला) जवळजवळ सगळा वेळ बाकावर बसून काढला. वडील टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहेत, धाकटा भाऊ शिकतोय. घरचे म्हणतात, झाला तेवढा खेळ पुरे, आता बँकेच्या परीक्षेचा क्लास लाव. एका सरांनी तर तोंडावर सांगितलं की या उंचीला काही भवितव्य नाही. खेळू की सोडू?
— एक विद्यार्थिनी, पूर्व भाग, सोलापूर

उत्तर : खेळ. क्लासही लाव, पण खेळ सोडू नकोस. निदान पुढचं वर्ष तरी नाहीच. दुसऱ्या वर्षी बाकावर बसलेली गार्ड तिसऱ्या वर्षी कोर्टवर काय करून दाखवते, हे मी या शहरात पुष्कळदा पाहिलंय. तुझ्या बाबतीत ते बघायच्या आधीच कुणी निकाल देऊन मोकळं व्हावं, याचा मला राग आला.

आधी उंचीचं बोलू. शॅनन बॉबिट नावाची न्यूयॉर्कची एक मुलगी. उंची बरोबर तुझ्याएवढी, पाच फूट दोन इंच. शाळा संपल्यावर ती टेक्सासमधल्या ट्रिनिटी व्हॅली या दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात गेली. तिथे दोन वर्षं घडली आणि तिसऱ्या वर्षाला टेनेसी विद्यापीठात आली. टेनेसी म्हणजे प्रशिक्षक पॅट समिट यांचा संघ. मुलींच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये तेव्हा त्यांच्या नावाचा दरारा होता. त्या संघात कँडेस पार्कर होती, सहा फूट चार इंचांची. आणि चेंडू वर आणून खेळ मांडायचं काम होतं या पाच फूट दोन इंचांच्या मुलीकडे. ती होती त्या दोन्ही वर्षी, 2007 ला आणि 2008 ला, टेनेसीनं राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं. 2008 मध्येच लॉस एंजेलिस स्पार्क्सनं तिला डब्ल्यूएनबीए या महिलांच्या व्यावसायिक लीगसाठी निवडलं. तिचं नाव झालं ते तिसऱ्या आणि चौथ्या वर्षी, हे विसरू नकोस.

मुलांमध्ये मग्सी बोग्ज. पाच फूट तीन इंच, एनबीए या अमेरिकेतल्या पुरुषांच्या व्यावसायिक लीगच्या इतिहासातला सगळ्यांत बुटका खेळाडू. 1983 मध्ये तो वेक फॉरेस्ट विद्यापीठात दाखल झाला तेव्हा पहिल्या वर्षी त्याला फारसं खेळायलाच मिळालं नाही. गुणांची सरासरी दोनच्याही खाली. चौथ्या वर्षी तोच मुलगा सामन्यामागे 14.8 गुण आणि 9.5 असिस्ट (ज्या पासवर साथीदार लगेच बास्केट करतो तो पास) करत होता. 1987 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, बाराव्या क्रमांकावर निवडला गेला आणि पुढे एनबीएत चौदा हंगाम खेळला.

आता ही दोन नावं वाचून हुरळूनही जाऊ नकोस. कमी उंचीची किंमत दोघांनाही मोजावी लागली, ती त्यांनी दुसरीकडून भरून काढली. बोग्ज समोरच्या गार्डला कोर्टभर चिकटून राहायचा आणि ड्रिबल (टप्पे देत नेलेला चेंडू) जरा वर आला की चेंडू काढून घ्यायचा. हवेतला चेंडू उंच मुलींचा असेल, पण जमिनीवर आलेला चेंडू आपला असतो. तुझ्या पत्रात तू बचावाबद्दल एक अक्षरही लिहिलेलं नाहीस. मी तुझी कोच असते तर पहिलं तेच विचारलं असतं. झोनला ज्या गार्ड खेळल्या त्यांच्यापुढे तू अठ्ठावीस मीटर, कोर्टच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, पाय न ओढता सरकू शकतेस का? नसशील तर उद्या सकाळपासून त्याच्यावर काम सुरू कर. उंची वाढवता येत नाही, पण हे येतं.

तिसऱ्या वर्षाचा मी एवढा आग्रह का धरते तेही सांगते. सेंटरचं काम रिंगखाली असतं. उंची आणि ताकद असेल तर पहिल्या वर्षीही ती संघाला उपयोगी पडते. गार्डचं तसं नाही. आपल्या नियमांत आठ सेकंदांत चेंडू अर्ध्या रेषेपलीकडे न्यावा लागतो आणि चोवीस सेकंदांत फेक करावी लागते. तेवढ्यात गार्डला बघायचं असतं की आपल्या कुणाला दम लागलाय, समोरच्या कुणाचे चार फाउल झालेत, कोणती मुलगी दोन फेका चुकल्यावर चेंडू मागायची थांबलीय. हे पाठांतरानं येत नाही, त्याच चौघींबरोबर खेळत राहिल्यानं येतं. आमच्या वेळी सोलापूरला विद्यापीठ नव्हतं, इथली कॉलेजं शिवाजी विद्यापीठाला जोडलेली. निवड चाचणीला एसटीनं कोल्हापूर गाठायचं, तिथे सांगली-साताऱ्याच्या मुली आपल्यापेक्षा चांगल्या बुटांत उभ्या. पहिली दोन वर्षं मी चेंडूकडे बघूनच खेळले. तिसऱ्या वर्षी आमच्या सेंटरच्या नुसत्या चालीवरून मला कळायचं की तिला आत्ता पास नको, थोडा दम हवाय. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. दोन वर्षं तिच्या डब्यातली शेंगाचटणी-भाकरी खाल्ली, एसटीत तिच्या खांद्यावर झोपले, आणि तिचा खेळ अंगात मुरला.

2004 मध्ये सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ झालं, फक्त आपल्या जिल्ह्यापुरतं. त्यामुळे विद्यापीठाच्या संघात येणं आता तुलनेनं सोपं झालं, ही चांगलीच गोष्ट आहे. पण झोनला समोर मुंबई, पुणे, गुजरात, राजस्थानचे संघ उभे राहतात आणि आपल्या मुली एकत्र खेळलेल्या असतात त्या फक्त निवडीनंतरच्या शिबिरात. त्यातही तिसऱ्या वर्षाच्या अर्ध्या मुली लग्नामुळे किंवा क्लासमुळे गळतात आणि दरवर्षी नवीन गार्डला पहिलीपासून सुरुवात करावी लागते. तू खेळत राहिलीस तर पुढच्या वर्षी झोनचा अनुभव असलेली एक तरी गार्ड त्या संघात असेल. त्या संघाला तुझी गरज आहे, हे तुझ्या घरी कुणीच सांगितलेलं नसणार, म्हणून मी सांगतेय.

आता घरचं. तुझे वडील चुकीचं बोलत नाहीत. खेळावर घर चालेल असं मी तुला सांगणार नाही. राज्य सरकारच्या नोकऱ्यांमध्ये खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी नुसता सहभाग पुष्कळदा पुरत नाही, क्रमांक लागतो. आणि कोणत्या पदाला कोणत्या दर्जाची स्पर्धा चालते ते शासन निर्णयात ठरवून दिलंय. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन हे समजून घे, प्रमाणपत्राच्या पडताळणीचंही विचार. रेल्वेत खेळाडूंची भरती होते. बी.पी.एड. करून शाळेत जाता येतं. पंचांची परीक्षा देता येते, आणि मुली पंच म्हणून आपल्याकडे फार थोड्या आहेत. पण हे सगळं पदवीनंतरचं. पदवीला तुला तिसरं वर्ष बसायचंच आहे, मग त्याच वर्षात सहा ते आठ मैदान आणि संध्याकाळी क्लास का नको? पुढे एम.कॉम.ला प्रवेश घेतलास तरी वयाच्या मर्यादेत असशील तोवर विद्यापीठाकडून खेळता येतं. नव्या शैक्षणिक धोरणात पदवीच्या चौथ्या वर्षाचाही पर्याय आलाय. तुझ्या कॉलेजात तो आहे का, ते खेळाच्या डायरेक्टर सरांना विचार.

आणि वडिलांना एकदा सामन्याला घेऊन ये. त्यांना कामाची पाळी बदलून मिळत असेल तर आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या दिवशी. मुलीला कोर्टवर चार साथीदारांना कुठे उभं राहायचं ते सांगताना बघितलं की बापाचा सूर बदलतो. मी हे होताना बघितलंय.

प्रश्न : मी स्टीफन करीचा चाहता आहे. एनबीएतलं त्याचं सगळं पाहिलंय. कॉलेजात तो कसा होता? तिथेही पहिल्यापासून असाच खेळायचा का? मी स्वतः शूटिंग गार्ड खेळतो आणि आमचे सर मला पॉइंट गार्ड करायला निघालेत, म्हणून विचारतोय.
— एक वाचक, बार्शी

उत्तर : करीची कॉलेजची तीन वर्षं प्रत्येक तरुण गार्डनं अभ्यासावीत असं मला मनापासून वाटतं. एनबीएतल्या करीकडून आपण टाळ्या वाजवायला शिकतो. शिकण्यासारखं बरंचसं कॉलेजच्या करीकडे आहे.

त्याचे वडील डेल करी एनबीएत खेळलेले, वर ज्या बोग्जचं सांगितलं त्याच्याच बरोबर शार्लट हॉर्नेट्समध्ये. तरीही शाळा संपताना कोणत्याही मोठ्या विद्यापीठानं या मुलाला शिष्यवृत्ती देऊ केली नाही. जेमतेम सहा फूट उंची, काडीसारखा बांधा. वडिलांच्या व्हर्जिनिया टेकनंही शिष्यवृत्तीशिवाय संघात ये, एवढंच म्हटलं. मग तो नॉर्थ कॅरोलायनातल्या डेव्हिडसन नावाच्या लहानशा कॉलेजात गेला. तिथले प्रशिक्षक बॉब मॅकिलॉप.

2006 च्या नोव्हेंबरमध्ये ईस्टर्न मिशिगनविरुद्ध त्याचा पहिला कॉलेज सामना झाला. त्यात त्याचे 13 टर्नओव्हर झाले. एका सामन्यात तेरा वेळा चेंडू घालवला! आपल्याकडे त्या मुलाला पुढचा महिनाभर पाण्याच्या बाटल्या उचलायला लावलं असतं. मॅकिलॉपनी त्याला पुढच्या सामन्यात खेळवलं आणि त्यानं मिशिगनविरुद्ध 32 गुण केले. त्या प्रशिक्षकाबद्दल मला या एका गोष्टीसाठी अपार आदर आहे.

दुसरं वर्ष, 2008 चा मार्च, राष्ट्रीय स्पर्धा. डेव्हिडसनला दहावं मानांकन. 1969 नंतर त्या कॉलेजनं या स्पर्धेत एकही सामना जिंकलेला नव्हता. गोन्झागाविरुद्ध करीचे 40 गुण. जॉर्जटाउनविरुद्ध संघ सतरा गुणांनी मागे पडला होता, तिथून परत आले. करीच्या 30 पैकी 25 गुण उत्तरार्धात. विस्कॉन्सिनविरुद्ध 33. तो सामना बघायला विद्यार्थ्यांनी डेट्रॉइटला जावं म्हणून कॉलेजच्या विश्वस्तांनी बस, तिकीट, राहणं, सगळा खर्च उचलला. मग कॅन्ससशी गाठ. अखेरची काही सेकंदं, संघ दोन गुणांनी मागे, चेंडू करीकडे. दोघं त्याच्या अंगावर आले. त्यानं जबरदस्तीनं फेक केली नाही, मोकळा असलेल्या जेसन रिचर्ड्सला पास दिला. रिचर्ड्सचा थ्री पॉइंटर (तीन गुणांची लांबची फेक) हुकला. 59-57. कॅन्ससनं पुढे विजेतेपदही जिंकलं.

मला या सगळ्यात जेसन रिचर्ड्सबद्दल लिहायचं आहे, कारण त्याच्याबद्दल कुणी विचारत नाही. त्या मोसमात करीचे 162 थ्री पॉइंटर बास्केटमध्ये गेले, तोवरचा एका मोसमातला विक्रम. आणि त्याच मोसमात अख्ख्या देशात सामन्यामागे सगळ्यांत जास्त असिस्ट होते रिचर्ड्सचे. ते 162 चेंडू योग्य क्षणी, योग्य उंचीवर, हातात कुणी दिले? पुष्कळसे त्यानंच. रिचर्ड्सचं ते शेवटचं वर्ष. ड्राफ्टमध्ये कुणी निवडलं नाही, मायामी हीटनं बोलावलं, तिथे त्याच उन्हाळ्यात गुडघा गेला. एनबीएत तो कधीच खेळला नाही, पुढे कॉलेज संघाबरोबरच काम करू लागला. बहुसंख्य गार्डची कारकीर्द अशीच कॉलेजात पूर्ण होते. ती पूर्ण होते, वाया जात नाही. त्याच्याशिवाय डेव्हिडसन डेट्रॉइटला पोचलं नसतं.

आता तुझा प्रश्न. रिचर्ड्स गेल्यावर तिसऱ्या वर्षी मॅकिलॉपनी करीला पॉइंट गार्ड केलं, अगदी तुझ्या सरांसारखं. गुण घटले का? त्या वर्षी तो 28.6 च्या सरासरीनं देशात पहिला आला आणि असिस्टही आदल्या वर्षीपेक्षा वाढले. त्याच मोसमातला एक सामना लक्षात ठेव. मेरीलँडच्या लॉयोला संघानं पूर्ण सामनाभर त्याच्या अंगावर दोन-दोन खेळाडू ठेवले. करीनं काय केलं? तो कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. दोघं त्याच्यापाशी अडकले, उरलेल्या तिघांवर डेव्हिडसनचे चौघं खेळले. करीचे गुण शून्य. डेव्हिडसन 78-48 नं जिंकलं. देशात सर्वाधिक गुण करणाऱ्या मुलानं शून्यावर राहणं पत्करलं. पॉइंट गार्ड कसा विचार करतो ते यात आहे, आणि तुझे सर तुला तेच शिकवू बघत असतील तर त्यांचं ऐक.

2009 मध्ये तो तीन वर्षं खेळून एनबीएत गेला, सातव्या क्रमांकावर. पदवी राहिली होती. ती त्यानं 2022 मध्ये पूर्ण केली, तोवर तो एनबीएचा चार वेळचा विजेता होण्याच्या उंबरठ्यावर होता. पदवीशिवाय जर्सी निवृत्त करायची (म्हणजे तो नंबर पुढे कुणाला न देऊन मान द्यायचा) नाही हा डेव्हिडसनचा शिरस्ता, म्हणून त्याची 30 नंबरची जर्सी त्यानंतर निवृत्त झाली. तुझ्या घरी अभ्यासावरून बोलणी बसत असतील तर हे त्यांनाही वाचून दाखव.

प्रश्न : माझा मुलगा दहावीत आहे, राज्य स्पर्धेत खेळलाय, गार्ड आहे. एका गृहस्थांनी सांगितलं की काही लाख भरा, अमेरिकेतल्या कॉलेजात पूर्ण शिष्यवृत्ती मिळवून देतो. शेत विकून पैसे उभे करता येतील. काय करावं?
— एक पालक, पंढरपूर तालुका

उत्तर : दादा, शेत विकू नका. हे पत्र वाचून मी जागची उठले, म्हणून पहिलं वाक्य हेच लिहिते.

अमेरिकेत शिष्यवृत्ती कुणाला द्यायची हे तिथल्या संघाचा प्रशिक्षक ठरवतो. पैसे घेऊन तिची हमी कुणीही देऊ शकत नाही. खेळाची शिष्यवृत्ती एनसीएएच्या (तिथल्या कॉलेज खेळांचं नियमन करणाऱ्या संस्थेच्या) पहिल्या आणि दुसऱ्या श्रेणीतली कॉलेजं देतात, तिसऱ्या श्रेणीतली देत नाहीत. त्यामुळे कुणी कॉलेजचं नाव सांगितलं की आधी श्रेणी विचारा. पहिल्या दोन श्रेणींसाठी एनसीएएच्या पात्रता केंद्रात नाव नोंदवावं लागतं, तिथे नववी ते बारावीचे ठरावीक सोळा विषय आणि त्यांतले गुण तपासले जातात. म्हणजे तुमच्या मुलाचा नववीचा निकालही मोजला जाणार. बारावीनंतर ‘आधी खेळू, मग बघू’ म्हणून वर्षं घालवली तर खेळायची वर्षंही कमी होत जातात. जुलै 2021 पासून तिथल्या कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीतून कमाई करायची मोकळीक मिळाली आहे, पण विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या परदेशी मुलांना ती सहज घेता येत नाही. त्या आकड्यांची स्वप्नं कुणी दाखवत असेल तर सावध राहा.

तिथे पहिल्या श्रेणीतच मुलांचे साडेतीनशेहून अधिक संघ आहेत, प्रत्येकात डझनभराहून जास्त मुलं. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये दरवर्षी साठेक नावं, त्यातही काही इतर देशांतली. गार्ड तर त्यांच्याकडे गल्लोगल्ली तयार होतात. बाहेरून बोलावतात ते बहुधा उंच मुलांना. भारतातून ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला पहिला खेळाडू पंजाबचा सतनाम सिंग, 2015 मध्ये, बावन्नाव्या क्रमांकावर. त्याची उंची सात फुटांच्या वर. बंगळुरूची संजना रमेश एनबीए अकादमीच्या वाटेनं नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठात शिष्यवृत्तीवर खेळली, तीही उंच आहे. वाट आहे, पण अरुंद आहे आणि गार्डसाठी आणखी अरुंद.

तुम्हाला खर्च करायचाच असेल तर मुलाच्या इंग्रजीवर आणि गणितावर करा, आणि त्याचे पूर्ण सामने कुणाकडून तरी चित्रित करून घ्या. निवडक बास्केट जोडलेली दोन मिनिटांची फीत बघून गार्ड कळत नाही. बास्केट झाल्यावर तो बचावाला किती पटकन परततो, साथीदाराकडून चेंडू सुटला तर काय करतो, हे बघणाऱ्या प्रशिक्षकाला अख्खा सामना लागतो. ती चित्रफीत कॉलेजच्या प्रशिक्षकांना मुलानं स्वतः ई-मेलनं पाठवली तरी चालते, त्याला मध्यस्थ लागत नाही. उत्तर आलं तर उत्तम. नाही आलं तर आपल्या विद्यापीठाचा संघ आहे, राज्याचा संघ आहे. भारताचा कर्णधार राहिलेला विशेष भृगुवंशी वाराणसीचा गार्ड, इथेच खेळून मोठा झाला, ओएनजीसीत नोकरी आणि अर्जुन पुरस्कार, दोन्ही त्याला याच देशात मिळालं. आपल्या पुण्याची शिरीन लिमये इथेच खेळून भारताची कर्णधार झाली.

प्रश्न : माझ्या हातून प्रत्येक सामन्यात पाच-सहा टर्नओव्हर होतात. समोरून प्रेस लागला, म्हणजे समोरचे कोर्टभर अंगावर येऊन अडवायला लागले, की घाबरायला होतं. काय करू?
— अकरावीतला गार्ड, सांगोला

उत्तर : प्रेस आला की पहिलं ड्रिबल उगाच टाकू नकोस. चेंडू दोन्ही हातांत धर, तोंड रिंगकडे कर, बघ, मग निघ. घाबरलेला गार्ड खाली बघत पळतो आणि बाजूच्या रेषेला जाऊन अडकतो. प्रेस लावणाऱ्यांना तेच हवं असतं. मधून जा, आणि मधे कुणीतरी पास घ्यायला उभं राहील हे आधीच ठरवून घ्या.

एक वही कर. प्रत्येक सामन्यानंतर डाव्या बाजूला असिस्ट, उजव्या बाजूला टर्नओव्हर, आणि प्रत्येक टर्नओव्हरपुढे तो कसा झाला ते चार शब्दांत : डावा हात, उडी मारून पास, अर्ध्या रेषेवर अडकलो. दहाएक सामन्यांनंतर वही उघडलीस की दिसेल, त्याच दोन गोष्टी परत परत घडतायत. मग तेवढ्याच दोन सुधारायच्या. असिस्ट टर्नओव्हरच्या दुप्पट व्हायला लागले की मला परत पत्र लिही, मी ते या पानावर छापेन.

प्रश्न : आमच्या शाळेत एकच रिंग आहे, सिमेंटचं अर्धं कोर्ट आणि चार चेंडू. चाळीस मुलं-मुली येतात. यातून कॉलेजला जाणारा गार्ड घडवता येईल का?
— एक क्रीडाशिक्षक, मंगळवेढा तालुका

उत्तर : येईल, सर. गार्डसाठी लागणाऱ्या बहुतेक गोष्टींना रिंग लागतच नाही. चाळीस मुलांना रिंगपुढे रांगेत उभं करून लेअप (धावत जाऊन रिंगजवळून केलेली फेक) मारायला लावलं तर तासाभरात प्रत्येकाच्या वाट्याला मोजकेच चेंडू येतात. त्यापेक्षा चार गट करा, गटाला एक चेंडू. एक गट रिंगवर तिघांविरुद्ध तिघं. दुसरा मैदानाच्या कडेला डाव्या हातानं ड्रिबल, समोरच्यानं दाखवलेली बोटं मोजून ओरडायची, म्हणजे मान वर राहते. तिसरा भिंतीवर पास. भिंतीवर खडूनं छातीच्या उंचीला चौकोन काढा. चौथ्या गटानं ड्रिबल न करता, चार जणांत दहा पास पूर्ण करायचे आणि एकानं अडवायचं. दहा मिनिटांनी गट बदला.

तिघांविरुद्ध तिघं हा खेळ एका रिंगवरच खेळतात आणि 2020 च्या टोकियो ऑलिंपिकपासून, जे 2021 मध्ये झालं, तो ऑलिंपिकमध्येही आहे. त्यात लपायला जागा नसते, म्हणून गार्डसाठी तो फार चांगला. प्रत्येक गटात उंच मुलांनाच रिंगखाली पाठवू नका. आठवीत उंच दिसणारा मुलगा बारावीत मध्यम उंचीचा ठरतो आणि तोवर त्याला ड्रिबल शिकवलेलंच नसतं.

दोन गोष्टी मात्र नक्की करून घ्या. रिंगची उंची मोजा, जमिनीपासून 3.05 मीटर, आपल्याकडे शाळांत बसवलेल्या रिंगा हातभर वर-खाली सापडतात आणि मुलं चुकीच्या उंचीला हात बसवतात. आणि चार चेंडूंपैकी दोन तरी सहा नंबरचे ठेवा. मुलींचा सामना सहा नंबरच्या चेंडूनं होतो, पण शाळांत त्यांना मुलांचा सात नंबरचाच चेंडू देतात. तो त्यांच्या हातात नीट मावत नाही, आणि डाव्या हाताचं ड्रिबल तिथेच बिघडतं. मार्चनंतर सराव सकाळी साडेआठला संपवा, आपल्याकडचं सिमेंट त्यानंतर बुटातूनही भाजतं.